कोऱ्या चेकवरची सही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिमालयातल्या दुर्गम शाळांना मदत करणाऱ्या स्वयंसेवी मंडळींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे, फोटो त्याहून चांगला. बर्फातून वह्यांची खोकी नेणारे संस्थापक, भोवती लाल गालांची मुले, मागे शिखर. मी अशाच एका संस्थेचा अकरा वर्षे खजिनदार होतो. त्यामुळे फोटो पाहून डोळे पाणावण्याऐवजी मनात आले ते असे, की ही खोकी वाहून नेल्याचे बिल कुणी सांभाळून ठेवले असेल?

खजिनदाराची खोड आहे, दुसरे काय. पण तक्रार खरी आहे. लेखात ‘नेतृत्व’ हा शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा तो एकाच माणसाला चिकटला. जिथे पगारी माणूस एकही नाही, सगळेच घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे, तिथे संस्था एका माणसाच्या पायांवर चालत नाही. चालली तर ती धोक्यात आहे असे समजावे.

डोंगरातल्या शाळेचे वर्ष आपल्या वर्षासारखे नसते. वरच्या खोऱ्यांत मोठी सुट्टी हिवाळ्यात असते आणि खिंड एकदा बर्फाने बंद झाली की खाली-वर जाणे संपते. वह्या, औषधे, शेगडीचे सरपण, शिक्षकाच्या खोलीच्या खिडकीची काच, जे काही पोचवायचे ते त्याआधी. म्हणून ऑगस्टच्या बैठकीत एखादा ठराव ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून बाजूला ठेवला तर उशीर दोन महिन्यांचा होत नाही, थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा होतो. मुलांचे एक इयत्ता-वर्ष जाते. हे ज्याला समजले तो इतिवृत्त त्याच रात्री लिहून पाठवतो. आमच्या चिटणीसबाई पाठवत. त्यांचा फोटो कधी कुठे आल्याचे आठवत नाही.

दुसरी अडचण उंचीची. साडेतीन हजार मीटरवर सपाटीचा माणूस पोचला की पहिले दोन दिवस नुसते पडून राहावे लागते, नाहीतर डोके दुखून दुखून परत फिरायची वेळ येते. शाळेत घालवायचे दोन दिवस आणि त्यासाठी नोकरीतली दहा दिवसांची रजा. म्हणजे पदाधिकारी वर्षातून फार तर एकदा शाळा पाहणार. उरलेले अकरा-साडेअकरा महिने जे काही चालते ते वर राहणारी माणसे चालवतात. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे सांगितले आहे. आम्ही मात्र कित्येक वर्षे फक्त मुख्याध्यापकांशी बोलत होतो, कारण त्यांना हिंदी चांगले येत होते. एवढेच कारण. शाळेच्या मागची भिंत दरवर्षी हिवाळ्यात फुगते हे गावातल्या बायकांना ठाऊक होते. आम्ही तीच भिंत दोनदा रंगवून दिली.

देणगीदाराचेही सांगतो. एका मोठ्या देणगीदाराला शाळेला संगणक द्यायचे होते. गावात वीज दिवसाला दोन-तीन तास, ती ओढ्यावरच्या छोट्या जलविद्युत यंत्राची, आणि थंडीत ओढाच गोठतो. संस्थापक भिडस्त माणूस, हो म्हणून बसले. नकाराचे पत्र आमच्या अध्यक्षबाईंनी लिहिले, चार-पाच वेळा खोडून. संगणक नकोत, त्या पैशांत दोन शिक्षकांचे वर्षाचे मानधन द्या, असे त्यात सुचवले होते. देणगीदार रागावले आणि कायमचे गेले. त्या वर्षीचे मानधन आम्ही मित्र-नातेवाइकांकडे हात पसरून जमवले. तरी अध्यक्षबाईंचे बरोबर होते, हे आज म्हणतो. तेव्हा मीही त्यांच्यावर चिडलो होतो.

आता माझे स्वतःचे. आमच्याकडे चेकवर दोन सह्यांचा नियम होता, संस्थापकांची आणि माझी. ते सतत दौऱ्यावर, मी नोकरीत. सोय म्हणून मी चेकबुकातल्या पाच-सहा कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवू लागलो. चार वर्षे असे चालले. मग फुकट हिशेब तपासून देणाऱ्या आमच्या लेखापरीक्षकांनी एक चेक समोर ठेवला आणि तारखेवर बोट ठेवले. त्या दिवशी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. भूल दिलेली असताना सही कशी केली, असे त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले. एक पैसाही इकडचा तिकडे झालेला नव्हता. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण झाला असता तर मला तो कळलाही नसता.

हे आठवले की मला सेंट्रल एशिया इन्स्टिट्यूटचे प्रकरण दुसऱ्याचे वाटत नाही. १९९६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या या संस्थेने पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात आणि अफगाणिस्तानात शाळा बांधल्या. संस्थापक ग्रेग मॉर्टेन्सन गिर्यारोहणातून या कामात आले आणि पुस्तकामुळे जगभर गाजले. २०११ साली सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या कार्यक्रमात त्यांच्या पुस्तकातल्या कथेवर आणि संस्थेच्या हिशेबांवर प्रश्न उभे राहिले. मग मोंटाना राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली आणि २०१२ साली मॉर्टेन्सन यांनी संस्थेला दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करावी असे ठरले. लोक या प्रकरणात खऱ्या-खोट्या कहाणीविषयी बोलतात. मला अडते ते वेगळ्या ठिकाणी. चौकशीच्या वेळी त्या संस्थेचे विश्वस्त मंडळ तीन जणांचे होते, आणि त्यातले एक स्वतः मॉर्टेन्सन. समझोत्यात मंडळ किमान सात जणांचे करायला लावले गेले. शाळा खऱ्या होत्या, मुलेही खरी होती. ‘साहेब, पावती कुठे आहे?’ असे विचारून ती आणायला लावणारे मंडळात कुणी उरले नव्हते. तिथे मीही होतो असे समजा, फक्त चेकबुक लहान होते.

उलट बाजूचे उदाहरण एडमंड हिलरींचे. १९५३च्या एव्हरेस्टमुळे चेहऱ्याची कमतरता त्यांना नव्हतीच. १९६०च्या सुमारास त्यांनी शेर्पांना काय हवे ते विचारले, उत्तर आले शाळा. १९६१ साली नेपाळमधल्या एव्हरेस्टच्या परिसरातल्या खुमजुंग गावी, सुमारे ३,७९० मीटर उंचीवर, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची शाळा उभी राहिली. शिक्षक आणले ते दार्जिलिंगचे शेर्पा, म्हणजे मुलांची भाषा बोलणारे. बांधकामाला न्यूझीलंडहून मित्रमंडळी येत, भाऊ रेक्स हिलरी स्वतः बांधकाम व्यावसायिक, ते अनेक कामांवर राबले. १९६४ साली त्याच भागात लुक्लाची विमानाची धावपट्टी झाली ती सामान वर आणण्यासाठी, आज ती गिर्यारोहकांच्या गर्दीमुळे प्रसिद्ध आहे. १९७५ साली हिलरींची पत्नी लुईस आणि मुलगी बेलिंडा काठमांडूच्या विमान अपघातात गेल्या. त्या धक्क्यातून सावरायला त्यांना वर्षे लागली. तरीही शाळा बंद पडल्या नाहीत, कारण तोवर भार वाहणारे खांदे पुष्कळ झाले होते.

त्यातले काही खांदे तर खुमजुंगच्याच बाकांवर बसलेले. मिंग्मा नोर्बू शेर्पा या शाळेत शिकले आणि सगरमाथा (म्हणजे एव्हरेस्ट) राष्ट्रीय उद्यानाचे पहिले शेर्पा वॉर्डन झाले. २००६ साली घुन्साजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात ते गेले. आंग रिता शेर्पाही (प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट चढणारे ते वेगळे) याच शाळेचे विद्यार्थी, त्यांनी हिलरींच्या हिमालयन ट्रस्ट या संस्थेचे काठमांडूतले काम वर्षानुवर्षे सांभाळले. २००८ साली हिलरी गेले. २०१५च्या भूकंपात सोलुखुंबू या खुमजुंगच्याच जिल्ह्यातल्या अनेक शाळांची पडझड झाली, तेव्हा पुन्हा उभारणी करायला संस्था जागेवर होती.

लडाखचेही एक वाक्य. तिथे १९८८ साली काही तरुणांनी ‘सेकमोल’ ही शिक्षणासाठी झटणारी संस्था काढली तेव्हा दहावीत शंभरातली जेमतेम पाच मुले पास होत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही, गावोगावी शिक्षण समित्या उभ्या केल्या आणि शाळेवर गावाची नजर बसवली.

संपादक महोदय, पुढच्या वेळी अशा संस्थेवर लिहाल तेव्हा आपल्या वार्ताहराला थोडे आडवे प्रश्न विचारायला सांगा. संस्थापकांना ‘नाही’ म्हणून त्यानंतरही मंडळात टिकलेला माणूस कोण? वरच्या गावातले कुणी बैठकीला बसते का, की फक्त फोटोला? आणि हिशेब लिहिणारा आजारी पडला तर पुढचा कोण? उत्तरे देताना समोरचा चुळबुळ करू लागला तर बातमी तिथे आहे. मला हे प्रश्न कुणी अकरा वर्षांत विचारले नाहीत, विचारले असते तर मीही चुळबुळ केली असती.

आमच्या संस्थापकांचे गुडघे आता वर चढू देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते जाहीर केले तेव्हा आमच्याकडे दुसरी फळी नावाचे काही नव्हते. चिटणीसपद तर एक वर्षभर रिकामे होते. दोन-तीन तरुण आले आणि नव्याचे नऊ दिवस संपताच गेले, त्यांनाही दोष देत नाही. रात्री दहा वाजता व्हाउचरवर नंबर घालायला कुणाला आवडेल?

सध्या माझी जागा एका मुलीने घेतली आहे. ती त्याच खोऱ्यातली, आमच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेली, आता नोकरी सांभाळून हे करते. कोऱ्या चेकवर सही करत नाही. गेल्या महिन्यात खेचरवाल्याला दिलेल्या पैशांच्या पावतीसाठी तिने थेट संस्थापकांना दोनदा फोन केला. ते अजून घुश्शात आहेत. पावती मात्र दुसऱ्या दिवशी आली.

आपला,
एका स्वयंसेवी संस्थेचा माजी खजिनदार