मांजरसुंबा घाटातल्या दादांनो, मावशी, आभार!

नाशिकला गोल्फ खेळून आम्ही शाळेपासूनचे मित्र धाराशिवला परतत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात, ऐन अंधारात टायर फुटलं. स्टेपनी तळाला आणि वर गोल्फच्या बॅगा. एकेकीत 14 काठ्या! (नियमाने त्याहून जास्त चालत नाहीत, हे नशीब.) दूध घालून परतणाऱ्या दोघा दादांनी मोटारसायकल थांबवली, सगळं उतरवलं, चाक बदललं. पैशांना हात लावला नाही, नावं विचारली तर हसले नुसते. गोल्फच्या 18 होलचं (चेंडू घालायच्या खड्ड्यांचं) सांगितल्यावर एक म्हणाला, "एवढी बिळं? उंदीर लई झालेत का तिकडं?"

पुढे हॉटेलातल्या मावशींनी चहाचे पैसे घेतले, पिठलं-भाकरीचे नाही. हिशोब आम्हाला अजून कळलेला नाही. तिघांचेही मनापासून आभार. दिवाळीआधी पेढे घेऊन येतोय, तेवढे तरी घ्या.