बाबा, तो खोका भंगारात घालू नका

डिचोली, गोवा
रविवार, ७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. आजीलाही नमस्कार सांगा आणि पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा. फक्त शेवटचं पैशांचं तेवढं वगळा.

मी खुशाल आहे. पहिल्याच ओळीत लिहिते, कारण फोनवर तुमचा पहिला प्रश्न तोच असतो आणि माझं उत्तर तुम्हाला खरं वाटत नाही. गेल्या रविवारी आपलं बोलणं भांडणावर गेलं, मी मधेच फोन ठेवला. आठवडाभर ते मनातून गेलेलं नाही. लिहिताना माझा आवाज चढत नाही, म्हणून लिहायला बसले.

आजी अजून गल्लीत "थोरली परदेशात असते" असं सांगते म्हणे. तिला कुणी दुरुस्त करू नका. तिच्या लहानपणी गोवा परदेशच होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगिजांचं राज्य होतं, आणि १९५५ पासून तर सरहद्दीवर नाकेबंदी होती. तिला म्हणावं, आता एक रात्र आणि दोन गाड्या, एवढंच अंतर आहे. एवढं कमी अंतर असून मी कार्तिकीला आले नाही, हे मला कळतं.

आई, तुझ्या शंका आधी. गळ्यातली माळ गळ्यातच आहे. घरमालकीण आक्कांच्या घरी दुपारी हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, वास येतो हे खरं, पण त्या माझ्यासाठी मुगागाठी वेगळ्या भांड्यात करतात. शाकाहारी जेवणाला इथे 'शिवराक' म्हणतात, आणि सोमवारी आक्कांच्या घरीही शिवराकच असतं. मार्गशीर्षातले दोन्ही गुरुवार मी धरले. आणि कॅसिनोच्या बोटी पणजीला मांडवीत उभ्या असतात, डिचोलीत नव्हे. मी त्यांची पायरी चढलेले नाही, चढणारही नाही. आपल्या गल्लीतला पोरगा मोबाइलवर रमीत पैसे हरला, म्हणून 'गेम' हा शब्द ऐकला की तुझ्या पोटात गोळा येतो, हे मी समजू शकते. पण ते पैशाचे खेळ. त्यांच्याविरुद्ध यंदा ऑगस्टमध्ये केंद्राने कायदाही केला. मी खेळते ते गेम वेगळे. त्यात हरलं तर पुन्हा पहिल्या दरवाज्यापासून सुरुवात करायची, एवढंच नुकसान. रात्री अकराला माझा दिवा बंद असतो.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. "एवढं शिकवलं ते भंगार गोळा करायला का?" असं तुम्ही म्हणालात. ते मला फार लागलं.

बाबा, ते भंगार नव्हतं. विंडोज १० साठी मिळणाऱ्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबरला थांबल्या. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझ्या कंपनीतले कॉम्प्युटर, ही मशिनं, सातव्या पिढीची, सात-आठ वर्षं वापरलेली. जवळजवळ सगळी चालू होती. त्यातली आठ वजनावर निघाली, आणि वाडीतल्या वाचनालयाच्या मंडळींनी ती माझ्या सांगण्यावरून घेतली. मी प्रत्येकात विंडोजच्या जागी डेबियन बसवलं, ती लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. सहा पहिल्याच दिवशी चालू झाली. एकाच्या पॉवर सप्लायमध्ये कंडेन्सर फुगला होता. दुसऱ्याची रॅम लागत नव्हती. ती मी काढली, सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या आणि परत बसवली, लगेच चालू. इथल्या दमट हवेत तांब्यावर लवकर कळंक चढते. खोडरबर मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही. तुम्ही रिमोट उघडून आतल्या पट्ट्या घासायचात, तेव्हा मी स्टुलावर बसून बघत असे.

डेबियन म्हणजे काय, हे तुम्ही विचारलं होतंत आणि मी "तुम्हाला नाही कळणार" म्हणाले. तसं मी बोलायला नको होतं. तुम्हाला इतर कुणापेक्षा लवकर कळेल.

व्हॉल्व्हच्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा, आठवतं? कुठला कंडेन्सर किती मायक्रोफॅरॅडचा, कुठे किती व्होल्ट यायला हवेत, सगळं त्यावर. ज्याने रेडिओ बनवला तो दुरुस्त करणाऱ्याला सांगून ठेवायचा, की बाबा रे, आत हे असं आहे. तुमचं दुकान तीस वर्षं त्या कागदावर चाललं. मग सीलबंद वस्तू आल्या, कागद येईनासे झाले. "आत काय आहे ते सांगतच नाहीत, दुरुस्त काय डोंबल करणार," असं तुम्ही म्हणायला लागलात.

ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रॅमसोबत तो कागद देणं. एवढंच आहे. रिचर्ड स्टॉलमन या माणसाने १९८३ मध्ये हे काम जाहीर केलं. त्याच्या प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, दुरुस्ती त्याला करता आली असती, पण प्रोग्रॅमचा मूळ मजकूरच कुणी देईना. तुमचीच तक्रार, फक्त अमेरिकेत. त्याच्या परवान्यातली अट मला फार आवडते: तुम्ही वापरा, उघडा, बदला, दुसऱ्याला द्या, पण देताना कागदही द्या. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे त्यालाही हाच परवाना लावला. त्या गाभ्यावर उभं राहिलेलं डेबियन १९९३ चं. इयन मर्डॉक या मुलाने ते सुरू केलं आणि आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव आपल्या नावाला जोडून त्याचं नाव ठेवलं. हे आईला सांगा.

सगळंच गोड नाही. आक्कांच्या घरात एक जुना पेंटियम ४ आहे. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्टमध्ये आली आणि तिच्यात असल्या ३२ बिटांच्या मशिनवर नव्याने बसवायची सोय काढून टाकली आहे. त्याला आता बारावीवरच ठेवावं लागेल, तिला जून २०२८ पर्यंत सांभाळणार आहेत. मला वाईट वाटलं. पण त्यांनी आधी सांगून, उघडपणे काढलं, आणि जुना मजकूर कुणीही घेऊन पुढे चालवू शकतो. हा फरक मला मोठा वाटतो.

आता वाचनालयातली गोष्ट, आणि आई, ही पूर्ण ऐकून मग घाबर.

मशिनं लागली, वायरिंग झालं, मी बटण दाबणार तेवढ्यात एका आजोबांनी माझा हात धरला. "रांव गो बाय." थांब. आधी गाऱ्हाणं घालायचं. आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. इथे ते देवापुढे उभं राहून मोठ्याने सांगणं असतं. कुठलंही नवं काम, मग ते घर असो, नांगरट असो की लग्न, गावच्या राखणदाराला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा. रात्री काठी घेऊन तो शिवेवरून फिरतो अशी श्रद्धा आहे. त्याला नारळ, विडा, रोट ठेवतात. रोट म्हणजे जाड भाकरी. काही ठिकाणी विडी आणि दारूही ठेवतात. तुला कुणी ना कुणी हे सांगेलच, म्हणून मीच सांगते. आमच्याकडे नारळ आणि विडाच होता. मग आजोबा पूर्वेकडे तोंड करून बोलायला लागले, अगदी समोर माणूस उभा असल्यासारखे: ही पोरगी परमुलखातून आली आहे, तिने वाडीच्या मुलांसाठी हे काम केलं आहे, कुणाची नजर असेल, कुणाचं आडवं येत असेल, तर तू बाजूला कर, तिच्या हाताला यश दे. प्रत्येक वाक्याला सगळे एका आवाजात "होय म्हाराजा!" म्हणायचे. कुणीही पुटपुटत नाही. प्रत्येक गोष्ट नाव घेऊन सांगायची, म्हणजे राखणदाराचा गोंधळ होत नाही, असं मला नंतर समजावलं. त्यांनी तुमचंही सांगितलं, बाबा. कुठून आली, कुणाची मुलगी, हे विचारून घेतलं होतं. "बार्शीच्या रेडिओवाल्याची चली" असं म्हणाले. चली म्हणजे मुलगी. मग आठही पडदे एकदम उजळले.

मुलं इथल्या सरकारी मराठी शाळेतली. मेनू मराठीत, अक्षरं मुक्ता नावाच्या फॉन्टची, जो मुंबईच्या एक टाइप मंडळींनी सगळ्यांना मोकळा दिला आहे. लहानांसाठी जीकॉम्प्री हा खेळांचा संच आहे. त्या नावाचा उच्चार फ्रेंचमध्ये 'मला समजलं' असा होतो. मोठी मुलं पेंग्विनच्या गाड्यांच्या शर्यतीत दंग. हे सगळं फुकट, आणि चोरीचं नाही.

आणि एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी. मी आठ वर्षांची असताना तुमच्याकडे एका कॉम्प्युटरचा मॉनिटर दुरुस्तीला आला होता. मालकाने सीपीयूही ठेवला होता. मॉनिटर तुम्ही पहिल्याच संध्याकाळी नीट केलात, पण "टेस्टिंगला ठेवलाय" म्हणून दोन दिवस दिला नाहीत. त्या दोन दिवसांत मी आणि धाकट्याने प्रिन्स ऑफ पर्शिया खेळला. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं. आम्ही तिसऱ्या मजल्यापुढे गेलोच नाही. तुम्ही मागे उभे राहून बघत होतात, गिऱ्हाईक ताटकळत होतं. माझं सगळं तिथून सुरू झालं.

तो गेम जॉर्डन मेकनर या माणसाने एकट्याने लिहिला, १९८९ मध्ये तो बाजारात आला. प्रिन्स खऱ्या माणसासारखा पळतो ना? त्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. संगीत त्याच्या वडिलांनी दिलं. पुढे मूळ प्रोग्रॅमच हरवला. वर्षानुवर्षं शोधूनही सापडेना. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात मागे पडलेला एक खोका मिळाला, त्यात त्या फ्लॉपी होत्या. जाणकारांनी जपून त्या वाचल्या, आणि मेकनरने तो सगळा मजकूर कुणालाही वाचता येईल असा खुला ठेवला. मी वाचला आहे. तेवीस वर्षं एका वडिलांनी खोका फेकला नाही, म्हणून.

धाकटा म्हणाला, तुम्ही माळ्यावरचा सर्किटच्या कागदांचा खोका रद्दीवाल्याला देणार आहात. बाबा, देऊ नका. हे सांगण्यासाठीच हे पत्र. २०१९ मध्ये दुकानाचं शटर तुम्ही शेवटचं ओढलंत तेव्हा माझी परीक्षा होती, मी आले नाही. एका पेपरासाठी यायचं टाळलं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मला ते रोज आठवतं. खोका लोखंडी पेटीत ठेवा, खाली प्लॅस्टिक घाला. मी संक्रांतीला चार दिवस येते, एकेक कागद स्कॅन करू. तुम्ही सांगा, मी नावं घालते.

आता पैशांचं. या महिन्यात दहाऐवजी सात हजार पाठवले आहेत. तीन हजार वाचनालयाच्या मशिनांना लागले: कीबोर्ड, सेल, पॉवर सप्लाय. आधी विचारायला हवं होतं. जानेवारीत तेरा पाठवते. आईच्या गुडघ्याचं औषध यातूनच आणा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

अकलूजच्या स्थळाला नाही म्हणू नका, होही म्हणू नका. मुलगी संक्रांतीला येते आहे, तेव्हा भेटू, असं कळवा. त्यांना एवढं आधीच सांगा की मुलगी नोकरी सोडणार नाही आणि तिच्या खोलीत उघडी मशिनं असतात. पण माझ्या लग्नासाठी दुकानाचा गाळा विकायचं चाललंय, ते मला मान्य नाही. त्या पैशावर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. लग्न देवळात करू, माझे साठलेले सव्वा लाख आहेत, पुरतील. आई, रडू नकोस. मी रागाने लिहीत नाही.

तुमची,
थोरली

ता. क. आक्कांकडे त्यांच्या सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. दिवे लागतात, आवाज नाही. आतला कागद वाळवीने खाल्ला आहे. झाकणावरच्या नंबराचा फोटो धाकट्याच्या फोनवर पाठवला आहे. बाबा, त्याचा कागद खोक्यात आहे का, बघाल?