‘क्राउन’चे अंतरंग आणि आपली वारसा यादी

संपादक महोदय,

मुंबईतील व्हिक्टोरियन वास्तूंवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख इथे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये बसून वाचला. लेख उत्तमच होता, पण सोबतची सगळी छायाचित्रे रस्त्यावरून काढलेली होती. मनोरे, कमानी, घुमट, सारे काही होते. दारातून आत मात्र कोणी गेले नव्हते. म्हणून इथल्या एका व्हिक्टोरियन पबबद्दल लिहितो आहे. त्याचे खरे मोल आत आहे, आणि ते लोकांनी जाणूनबुजून जपले आहे.

पब म्हटले की आपल्याकडे भुवया उंचावतात. मी स्वतः दारू पीत नाही. तरीही गावाकडून पाहुणे आले की त्यांना आधी ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या ‘क्राउन लिकर सलून’मध्ये जेवायला नेतो.

पूर्वी हे ‘रेल्वे टॅव्हर्न’ होते. १८८५मध्ये पॅट्रिक फ्लॅनगन याने त्याचा कायापालट केला आणि नाव बदलले. तो काळच तसा होता. दारूविरोधी चळवळ जोरात होती, त्यामुळे आपली जागा गुत्ता नसून सभ्य माणसांनी यावे अशी आहे, हे मालकांना दाखवून द्यायचे होते. मोठ्या काचा आणि गॅसचे दिवे आवाक्यात आले होते. शेजारच्या पबपेक्षा आपला पब देखणा असावा ही चुरसही होतीच. शहरात चर्चच्या कामासाठी आलेल्या इटालियन कारागिरांना फ्लॅनगनने तिथले काम सुटल्यानंतरच्या वेळात आपल्याकडे कामाला लावले, असे इथले लोक सांगतात.

बाहेरची भिंत आणि खांब रंगीत, झिलईदार टाइल्सनी मढवलेले आहेत. दारात जमिनीवर मोझेकचा राजमुकुट आहे. त्याची दंतकथा अशी, की फ्लॅनगन ब्रिटिश सत्ता नको म्हणणारा आयरिश राष्ट्रवादी आणि त्याची बायको ब्रिटिश राजनिष्ठ. नाव ‘क्राउन’च हवे हा तिचा हट्ट त्याने मानला, पण मुकुट काढवून घेतला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली. या शहराचे सारे दुखणे त्या एका गोष्टीत आले आहे.

आत शिरले की एका बाजूला तांबड्या ग्रॅनाइटचा लांबलचक काउंटर लागतो. त्यामागे आरसे, कोरीव लाकडी खांब आणि पिंपे. चर्चची वेदीच वाटावी असा तो थाट आहे. वर नक्षीचे छत, आणि गॅसचे दिवे अजूनही जळतात. दुसऱ्या बाजूला ‘स्नग’ म्हणतात त्या दहा लाकडी खोल्या आहेत, प्रत्येकीला इंग्रजी ए ते जे यांपैकी एक अक्षर. त्यांच्या खांबांवर लॅटिन बोधवाक्यांच्या ढाली धरून सिंह आणि ग्रिफिन (गरुडाचे डोके व सिंहाचे धड असलेले काल्पनिक प्राणी) बसले आहेत.

पाहुण्यांना मी स्नगमध्ये बसवतो आणि दार लावून घ्यायला सांगतो. कल्ला लगेच निम्मा होतो. समोरासमोर लाकडी बाके, रंगीत काच, बोलावण्यासाठी घंटा आणि काडी ओढायला गनमेटलची पट्टी. पबमध्ये धूम्रपानाला २००७मध्ये बंदी आली, पण ती पट्टी कोणी उचकटून काढली नाही. चारचौघांत काउंटरशी उभे राहणे ज्यांना शोभले नसते अशा बायका, आपण इथे येतो हे गावाला कळू नये अशी इच्छा असलेली प्रतिष्ठित मंडळी, त्यांच्यासाठी या खोल्या होत्या. कोणी कोणाच्या नजरेला पडायचे आणि कोणी नाही, हे त्या समाजाने लाकडात आणि काचेत बांधून ठेवले आहे. स्नगच्या भिंती पाडल्या तर छत आणि टाइल्स शाबूत राहूनही ती सारी मांडणी पुसली जाईल.

विसाव्या शतकात ब्रिटनभर नेमके तेच झाले. एकच मोठे दालन असले की लक्ष ठेवायला सोपे आणि गिऱ्हाइकेही जास्त मावतात, म्हणून पार्टिशने धडाधड काढली गेली. लंडनच्या हाय हॉबर्नवरील ‘प्रिन्सेस लुईस’ हा पब १८७२चा, त्याची १८९१ची अंतर्गत सजावट अप्रतिम. तिथलीही पार्टिशने गेली होती. २००८च्या सुमारास मालक ब्रूअरीने ती पुन्हा बांधून घेतली. धंद्याची जागा अडवणाऱ्या भिंती मालकाने स्वखर्चाने परत आणाव्यात, याचे मला फार कौतुक वाटते.

‘क्राउन’वर तर संकट वेगळेच होते. उत्तर आयर्लंडमध्ये राष्ट्रवादी आणि राजनिष्ठ यांच्यातला हिंसाचार पेटलेला होता त्या अशांत वर्षांत समोरच्या युरोपा हॉटेलवर तीसहून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले आणि पबच्या काचा पुन्हा पुन्हा फुटल्या. अशा दिवसांत, १९७८मध्ये, वारसा वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने हा पब विकत घेतला. त्यासाठी राजकवी जॉन बेट्जमन यांनी आग्रह धरला होता. पुढे १९८१मध्ये सुमारे चार लाख पौंड खर्चून त्याची डागडुजी झाली. दोरी लावून ‘हात लावू नये’ अशी पाटी मात्र कोणी लटकवली नाही. पब पबच राहिला.

आता आपल्याकडे वळतो. ब्रिटनमध्ये इमारत संरक्षित झाली की संरक्षण आतबाहेर दोन्हीकडे लागू होते. लिव्हरपूलच्या ‘फिलहार्मोनिक’ या पबला २०२०मध्ये पहिली श्रेणी मिळाली, ती प्रामुख्याने त्याच्या अंतरंगासाठी. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत आतल्या भागाला पक्के कवच आहे ते पहिल्या श्रेणीत. दुसऱ्या श्रेणीत छाननी करून आतले बदल बहुतांशी करू देतात आणि तिसरीत तर मोकळीकच आहे. जुन्या इराणी हॉटेलांचे काय होणार ते यावरून उघड आहे. त्यांची दर्शनी बाजू बहुधा साधीच असते. वारसा आहे तो वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांत, संगमरवरी टेबलांत आणि भिंतीवरच्या आरशांत. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे अंतरंग आपण इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्ससकट किती सुरेख सावरले! तेव्हा कसब नाही असे कोणी म्हणू नये.

आपली लेखमाला पुढे चालणार असेल तर पुढचा भाग छत, फरशी आणि जिन्याच्या कठड्यांवर काढावा, ही विनंती. शिवाय ज्या जागांचे मोल आत आहे, तिथल्या फर्निचर, आरसे, फरशी आणि पार्टिशनांची तपशीलवार नोंद करून ती वारसा यादीला जोडावी, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने महापालिकेपुढे लावून धरावी.

आपला,
एक वाचक, बेलफास्ट