सुईच्या तासांचा हिशेब

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. टर्नटेबल सुरू झालं, रेकॉर्डही धुऊन झाल्या, हे वाचून फार बरं वाटलं. आता जपानच्या कोएत्सूसारखी हाताने घडवलेली मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर हलणाऱ्या बारीक तारेच्या गुंडाळीची) कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून तिच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग, घ्यायचं तुझ्या मनात आहे. घे किंवा घेऊ नकोस, पण आधी तासांचा हिशेब मांड. कार्ट्रिज कितीला मिळते यापेक्षा तिचा एक तास कितीला पडतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एलपीच्या एका बाजूला सुई जवळजवळ चारशे मीटर खाचेतून घासत जाते. हजार तासांत साधारण १३०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पार दिल्लीच्या आसपास, तेही दोन ग्रॅमचा भार एवढ्याशा टोकावर घेऊन. हिरा झाला तरी झिजणारच. किती लवकर झिजतो, ते टोकाच्या घडणीवर ठरतं. ऑडिओ-टेक्निकाने आपल्या सुयांचं आयुष्य सांगितलं आहे: गोल टोक सुमारे ५०० तास, लंबवर्तुळाकार ३००, आणि खाचेत नीट बसतील अशी बारीक घडवलेली टोकं, शिबाता ८०० आणि मायक्रोलिनियर १०००. त्यांच्या व्हीएम९५ मालिकेत बॉडी तीच राहते, सुई तेवढी बदलायची. २०१८ मध्ये ही मालिका आली तेव्हा अमेरिकेत लंबवर्तुळाकार सुईची कार्ट्रिज ४९ डॉलरला होती आणि मायक्रोलिनियरची १६९ ला. भागाकार करून बघ. दोन्हींचा तास १६-१७ सेंटलाच पडतो! महाग वाटणारी सुई मुळात महाग नाहीच, पैसे फक्त आधी मोजावे लागतात.

आणि आवाजात जो फरक पडतो, तो आपल्या संगीतात तर फारच. रेकॉर्ड मिनिटाला सारख्याच फेऱ्या घेते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. ख्यालाच्या एलपीवर तिथे काय येतं? विलंबित बाहेर ऐसपैस होऊन जातं आणि द्रुताच्या ताना नेमक्या आतल्या खाचांत येतात. गोल टोकाला त्या बारीक वळणांत शिरताच येत नाही, मग तान फाटल्यासारखी येते आणि आपण रेकॉर्डला नावं ठेवतो. मायक्रोलिनियरवर तीच तान दाणेदार ऐकू येते, मागचा तानपुराही हरवत नाही.

तरी गोल टोकाची एक कार्ट्रिज मला मनापासून आवडते. डेनॉनची डीएल-१०३. १९६२ मध्ये जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी तयार झाली आणि आजही बनते. गळ्याचा आवाज ती असा भरीव देते की शेवटच्या तानांमधला थोडा खरखरीतपणा मी सोसतो. पण तिला जड टोनआर्म (कार्ट्रिज धरणारी दांडी) लागतो, अडीच ग्रॅम भार लागतो आणि तिचा सिग्नल जेमतेम ०.३ मिलिव्होल्टचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या फोनो (रेकॉर्डसाठीच्या) इनपुटला तो पुरत नाही. तो वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा एमसी (मूव्हिंग कॉइलसाठीचा) फोनो स्टेज घ्यावा लागतो, आणि तो खर्च किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

डीएल-१०३ मूव्हिंग कॉइलच आहे; महागड्या मूव्हिंग कॉइलचंही तेच. कॉइल हलकी असल्यामुळे बारकावे सुरेख येतात, यात वाद नाही. पण सुई घरी बदलता येत नाही. झिजली की कार्ट्रिज नव्या टोकासाठी कारागिराकडे किंवा कंपनीकडे पाठवायची, नाहीतर नवी घ्यायची. समजा पाच हजार डॉलर दिलेस आणि हजार तास मिळाले, तर तास पाच डॉलरला पडला. एवढी महाग सुई लोक जपून जपून वापरतात, आणि मग रेकॉर्ड कपाटातच राहतात. तुझ्या घरी असं व्हायला नको, मिलिंद. तू रोज ऐकणारा माणूस.

सुई झिजली हे कानाला उशिरा कळतं. ‘स’ आणि ‘श’ फिस्कारू लागले, लेबलाजवळ आवाज तुटू लागला, की तिच्या बाजूंना सपाट कडा पडल्यात असं समज. त्या कडा खाच खरवडतात. सुई नवी मिळेल, पण खरवडलेली एचएमव्हीची जुनी एलपी पुन्हा मिळायची नाही. म्हणून एक वही ठेव आणि वाजवलेल्या बाजू लिहीत जा. दर वेळी ब्रशने रेकॉर्ड पूस, सुईही मागून पुढे अलगद झाड.

आणि हो, नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्यांवर ही सुई चुकूनही ठेवू नकोस. त्यांची खाच कितीतरी रुंद. त्यांना वेगळी जाड सुई लागते. व्हीएम९५ मालिकेत तीही मिळते.

माझं मत विचारशील तर आत्ता मायक्रोलिनियर घे, उरलेल्या पैशांत चांगला फोनो स्टेज घे, आणि वर्षभर भरपूर ऐक. मोठ्या कार्ट्रिजचं मग बघू. तुझ्या टोनआर्मचं मॉडेल तेवढं कळव, म्हणजे वजन जुळतं का ते मी पाहतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अजित