देवय्यांचे महावीर चक्र आणि बंद दप्तरे

महोदय,

सप्टेंबर आला की १९६५ च्या युद्धावरचे लेख वृत्तपत्रांतून येऊ लागतात आणि त्यांत स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांचे नाव हमखास असते. त्यांच्या शौर्याचे वर्णन सगळेच रंगून करतात; पण ते शौर्य आपल्याला कळायलाच दोन दशके का लागली, हा प्रश्न बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. माझ्या मते खरा विषय तोच आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोडगूमध्ये १९३२ साली जन्मलेले देवय्या १९५४ मध्ये हवाई दलात दाखल झाले. पासष्टचे युद्ध पेटले तेव्हा ते प्रशिक्षकाचे काम करत होते आणि तेथून त्यांना आदमपूरच्या एक नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवण्यात आले. ७ सप्टेंबरच्या पहाटे या स्क्वाड्रनने मिस्टेर विमाने घेऊन सरगोधा या पाकिस्तानच्या प्रमुख हवाई तळावर हल्ला चढवला. विमाने बारा ठरली होती आणि देवय्या राखीव होते. तरीही ते सीमेपलीकडे गेले आणि परतले नाहीत.

परतीच्या वाटेवर पाकिस्तानी हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांनी स्टारफायटर विमानातून त्यांना गाठले. ही लढत किती विषम होती हे समजण्यासाठी दोन्ही विमानांचा फरक ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकी बनावटीचे स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शके, तर फ्रेंच बनावटीच्या मिस्टेरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नसे. मात्र स्टारफायटरचे पंख इतके आखूड होते की वळताना ते जड जाई, आणि वळणाची लढाई सुरू झाली की मिस्टेरला संधी मिळे. अमजद हुसेन यांच्या गोळ्या देवय्यांच्या विमानाला लागल्या आणि हे विमान संपले असे समजून ते दुसऱ्या लक्ष्याकडे वळले. तेवढ्यात त्याच जखमी विमानाने त्यांच्यावर झडप घातली. स्टारफायटर पडले, अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरले आणि वाचले. देवय्यांचे काय झाले हे सांगणारे आपल्याकडे कोणीच नव्हते. सरगोधा हे मिस्टेरच्या पल्ल्याच्या अगदी टोकावर होते, तेव्हा पूर्ण ताकदीने झुंज घेतली की परतण्यापुरते इंधन उरत नाही, हे प्रशिक्षक राहिलेल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती.

आपल्या दप्तरी ते केवळ ‘बेपत्ता’ राहिले. पुढे १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या साहाय्याने लिहिलेल्या पुस्तकात या झुंजीची हकिगत आली, तेव्हा कुठे आपल्याकडे तपास सुरू झाला. हल्ल्याचे नेतृत्व करणारे ओ. पी. तनेजा यांनी शिफारस केली आणि १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. म्हणजे तब्बल २३ वर्षे! आपल्या वैमानिकाचा पराक्रम आपल्याला शत्रुपक्षाच्या कागदांतून कळावा, यात अभिमानाइतकीच खंतही वाटायला हवी.

एकट्याने उडणाऱ्या लढाऊ वैमानिकाची अडचणच ही आहे. पायदळाच्या तुकडीत शेजारचा जवान साक्षीदार असतो. येथे सोबतची विमाने मिनिटभरात दृष्टीआड होतात. महाराष्ट्राला याची झळ फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्या रूपाने ठाऊक आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी मोहिमेवर गेलेले तांबे परतले नाहीत. ते कैदेत असल्याच्या समजुतीवर त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटनपटू दमयंती तांबे यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. २००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या नातलगांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले, पण हाती काही लागले नाही. एकाला उशिरा का होईना पदक मिळाले, दुसऱ्याच्या घरी साधे उत्तरही पोहोचले नाही.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धेतिहासाविषयीचे धोरण जाहीर केले. त्यानुसार युद्धाचा इतिहास पाच वर्षांच्या आत संकलित व्हायचा आहे आणि २५ वर्षांहून जुनी कागदपत्रे तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायची आहेत. धोरण उत्तम आहे. पण पासष्टच्या युद्धातील स्क्वाड्रनच्या रोजच्या उड्डाणनोंदी साध्या वाचकाला सहज पाहता येतील, अशी सोय आजही असायला हवी होती. कोणत्या वैमानिकाने किती वाजता उड्डाण केले, किती इंधन घेतले, कोणी शेवटचे कोठे पाहिले, या कोरड्या नोंदींनीच पुढचा तपास उभा राहतो. साठ वर्षांपूर्वीच्या मिस्टेरच्या इंधनाचे आकडे गुप्त ठेवून आता कोणते हित साधणार, हे मला तरी उमगत नाही. मिस्टेर विमाने केव्हाच सेवेतून बाद झाली आहेत.

दुसरी गोष्ट पुण्यापुरती. लोहगाव तळामुळे येथे हवाई दलातील निवृत्तांची मोठी वस्ती आहे आणि पासष्ट व एकाहत्तर पाहिलेले अधिकारी आता नव्वदीकडे झुकले आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. या विभागाने त्यांच्या तपशीलवार मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घ्यावे आणि राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, अशी माझी विनंती आहे. शौर्यकथा सांगण्यास सगळेच तयार असतात. विचारायला हवे ते तारखा, वेळा आणि सोबतच्या वैमानिकांची नावे.

आपला,
एक वाचक, पुणे