लस घेतली, पण जखम कोण पाहणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुत्रा चावल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात सतत येतात आणि बहुतेक रेबीजच्या लशीपाशी थांबतात. लशीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पण दातांबरोबर जिवाणूही जखमेत शिरतात आणि त्यांच्यावर या लशीचा काहीच उपयोग नाही. ग्रामीण आरोग्य सेवेत परिचारिका असताना हे मी वारंवार पाहिले. लस वेळेवर घेतलेली, हात मात्र मनगटाच्या वर सुजलेला.

यातला मुख्य जिवाणू पाश्चुरेला मल्टोसिडा. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना ज्या घटसर्पाची लस टोचतात, तोही याच जिवाणूमुळे होतो; प्रकार तेवढा वेगळा. निरोगी मांजरांच्या तोंडात तो बहुधा असतोच, कुत्र्यांच्याही पुष्कळदा. बऱ्याचदा २४ तासांच्या आतच जखम लाल होते, ठणकू लागते. मांजराचा चावा लोक अंगावर काढतात, कारण दिसायला टाचणीएवढे भोक. पण तो बारीक दात खोल, कधी सांध्यापर्यंत जातो. वरची कातडी मिटते आणि जिवाणू आत कोंडतात. बोटाला किंवा मनगटाला मांजर चावले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरात उरलेली कुठलीही अँटिबायोटिक गोळी घेऊ नये. नेहमीच्या काही गोळ्यांना हा जिवाणू दाद देत नाही.

कुत्र्याच्या लाळेतला दुसरा जिवाणू कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही. पण ज्यांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, काढलेली आहे किंवा दारूने यकृत खराब झाले आहे, त्यांच्या रक्तात तो पसरला तर जिवावर बेतते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अनेक रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी होते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात अशी कितीतरी कुटुंबे आहेत. तरीही कुत्रा चावून आलेल्या मुलाला सिकलसेल आहे का, हे विचारलेले मी क्वचितच ऐकले. हे मला फार लागते.

चावा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायचा असतो. त्याने रेबीजचे विषाणूही कमी होतात आणि हे जिवाणूही. लोक अजून मिरचीपूड, चुना भरतात. म्हणून लस टोचण्याच्या प्रत्येक खोलीजवळ नळ आणि साबण हवा. जखम धुतली का आणि सिकलसेल आहे का, हे दोन प्रश्न केसपेपरवरच छापावेत. दुसऱ्या दिवशी लाली किंवा ठणका वाढला तर लगेच परत या, असे प्रत्येकाला बजावावे. तिसऱ्या दिवशीच्या डोसला आलेल्याची पट्टी सोडून जखम पाहावी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तसा लेखी आदेश काढावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, चंद्रपूर