मुलुंडच्या डम्पिंगची जागा मैदानच हवी

मा. संपादक,

मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झालं, तेव्हा हरिओम नगर आणि पलीकडे कोपरीपर्यंतच्या लोकांनी सुटकेचा श्वास घेतला होता. संध्याकाळ झाली की खिडक्या लावून बसायचं, पाहुणे आले की आधी वासाबद्दल सॉरी म्हणायचं, यात इथल्या दोन पिढ्या गेल्या. साधारण २४ हेक्टर जागा आणि तिथे साठलेला जवळपास ७० लाख टन कचरा, तोही कशाचंही अस्तर न घालता टाकलेला, म्हणजे पावसात त्यातलं काळं पाणी थेट जमिनीत आणि ठाणे खाडीत, जिथे आज फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

आता बायोमायनिंग चालू आहे म्हणजे जुना ढीग खणून, चाळून माती वेगळी, प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या, राडारोडा वेगळा. काम ठरलेल्या सहा वर्षांत झालं नाही, त्यावर बोलायचं तर वेगळं पत्र लागेल. माझं म्हणणं पुढचं आहे. जागा मोकळी झाली की तिचं काय करणार? गोल्फ कोर्सपासून घरांपर्यंत सगळ्या चर्चा कानावर येतायत आणि मुलुंडकरांना मात्र कोणी विचारत नाही.

घरं तिथे नकोतच. मालाडला चिंचोलीच्या जुन्या डम्पिंगवर ऑफिसं उभी राहिली आणि जमिनीतून येणाऱ्या गॅसने कॉम्प्युटर, एसीचे भाग गंजायला लागले, हे मुंबईने बघितलंय. मशीनची ही गत तर झोपलेल्या लहान मुलांचं काय? २०१६ च्या घनकचरा नियमांतही बंद केलेल्या लँडफिलवर १५ वर्षं लक्ष ठेवून, गॅस, सांडपाणी आणि जमिनीची मजबुती तपासल्यावरच वस्तीचा विचार करा असं होतं. सगळा कचरा काढला म्हणून ही काळजी सोडून द्यायची का, इतकी वर्षं खाली मुरलेलं पाणी कुठे गेलं?

न्यूयॉर्कच्या फ्रेशकिल्सचं बघा. १९४८ ला सुरू झालेलं डम्पिंग २००१ ला बंद केलं, कचरा तिथेच ठेवून वर झाकण घातलं, गॅस पाइपांनी बाहेर काढला आणि २२०० एकरांचं पार्क टप्प्याटप्प्याने करतायत. पहिला मोठा भाग लोकांसाठी खुला व्हायला २०२३ उजाडलं, पण पहिल्यापासून ठरलं होतं की पार्कच करायचं, त्यामुळे मधे कोणाला घुसता आलं नाही. आपल्याकडे गोराईचं डम्पिंगही असंच शास्त्रीय पद्धतीने बंद केलंय, म्हणजे महापालिकेला जमत नाही असं अजिबात नाही.

म्हणून विनंती आहे की विकास आराखड्यात ही जागा आत्ताच मैदान आणि उद्यान म्हणून राखीव करा, काम संपायची वाट बघू नका. पोरांना क्रिकेट-फुटबॉलला मैदान, म्हाताऱ्यांना चालायला ट्रॅक, खाडीच्या बाजूला दाट झाडं, आणि एंट्री फी नको. माती, पाणी, हवेच्या तपासणीचे रिपोर्ट टी वॉर्ड ऑफिसच्या बाहेर मराठीत लावा, दर तीन महिन्यांनी, म्हणजे मुलांना तिथे पाठवायचं की नाही हे आईबापांना ठरवता येईल.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)